‘मेला’ म्हणजे ‘बरं’

मृदुलाचा फोन आला तेव्हा मी ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडी शोधत होतो. ती म्हणाली, “श्रीरंग गेला.” मी विचारलं, “कुठे?” तिचा नवरा कामासाठी सारखा कुठे ना कुठे जायचा, पर्थ, ब्रिस्बेन, कधी सिंगापूर; मला वाटलं, तसंच काही असेल. तिने तेच पुन्हा सांगितलं, आणि मग मला कळलं... सिडनीच्या टूनगॅबी स्टेशनवर सकाळच्या ट्रेनची वाट बघता बघता तो खाली बसला, तो उठलाच नाही. एकेचाळीस वर्षांचा होता.

दहा दिवसांनी ब्लॅकटाउनच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. मेलबर्नहून मी गेलो. सहा वक्ते होते आणि त्यांतल्या चौघांनी ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ निर्माण केली. एका सद्गृहस्थांनी श्रीरंगला समाजाचा आधारस्तंभ म्हटलं. हा आधारस्तंभ गणपतीच्या कार्यक्रमाला फक्त मसालेभातासाठी यायचा आणि भाषणं सुरू झाली की गाडीत जाऊन झोपायचा. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हणालो. मला सांगायचं होतं त्यात एक शब्द असा होता, की तो मी त्या माईकवर उच्चारला असता तर लोकांनी मला बाहेर काढलं असतं. म्हणून ते इथे लिहितो आहे.

आम्ही दोघं मेलबर्नच्या युनिमध्ये एकत्र मास्टर्स करत होतो आणि एका सेमिस्टरसाठी इटलीला गेलो होतो. माल्टाचं विमान फार स्वस्त मिळालं, म्हणून शनिवार-रविवार माल्टाला जायचं ठरलं. माल्टा कशासाठी प्रसिद्ध आहे हे तिकीट काढल्यानंतर वाचलं. सीटखाली मावेल एवढीच बॅग न्यायची परवानगी होती, त्यामुळे श्रीरंग तीन शर्ट एकावर एक घालून आला. बॅगेत मेतकूट होतं. ती पिवळी पूड सिक्युरिटीवाल्या बाईंनी उघडली, हुंगली आणि त्या शिंकल्या. श्रीरंग गंभीरपणे म्हणाला, “फॉर राइस.” त्यांनी ती परत दिली, ती बहुधा कीव येऊन.

बेटावर उतरलो आणि पहिल्याच बसमध्ये ड्रायव्हर फोनवर बोलताना ऐकला. “मेला... मेला, मेला.” श्रीरंग माझ्या कानाशी म्हणाला, “घरात कोणी शिल्लक आहे का रे ह्याच्या?” मग तो शब्द आमचा पिच्छाच सोडेना. गरम पेस्ट्री कागदात गुंडाळून देताना बेकरीवाला म्हणाला, मेला. रस्ता सांगणारे आजोबा सुरुवातीला मेला, शेवटी मेला. माल्टाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘बरं’, ‘तर मग’, ‘अर्थातच’ असा काहीही होतो, हे आम्हाला कळलं होतं. तरी प्रत्येक मेल्याला आम्ही हसत होतो. परक्या मुलखात फक्त आपल्या दोघांनाच कळणारा विनोद सापडला की माणूस थोडा माजतोच.

एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातली वरची खोली आम्ही घेतली होती. कार्मेन त्यांचं नाव. रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत होतो आणि त्या पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. बोलत कसल्या, ऐकतच होत्या, आणि मधूनमधून हळू आवाजात म्हणत होत्या, “मेला... मेला... मेला.” मी श्रीरंगकडे पाहिलं. तिथेच चुकलं. आम्ही दोघंही फुटलो. कपातला चहा टेबलावर सांडेपर्यंत हसलो. त्यांनी फोन ठेवला, वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “माझा भाऊ होता मेलबर्नला. आज गेला.”

मी उठून काहीतरी पुटपुटलो. दुःखद, वगैरे. श्रीरंगने मात्र त्यांना खरं ते सांगितलं. आम्ही का हसलो, आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो, सगळं. मला वाटलं, आता बॅगा उचलाव्या लागणार. कार्मेनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या भाषेत मी बरोबरच बोलत होते.” आणि सांडलेला चहा पुसायला फडकं घेतलं.

आमची त्या दिवशी बोटीतून समुद्रातल्या गुहा बघायला जायची तिकिटं होती. श्रीरंग म्हणाला, “मक्या, तू जा. मी थांबतो.” तिकीट बदलून मिळणार नव्हतं, म्हणून मी गेलो. गुहा निळ्या होत्या. याहून जास्त मला काही आठवत नाही. दुपारी परत आलो तर श्रीरंग कार्मेनबाईंची फोनची वही मांडीवर घेऊन बसला होता. त्यांना आकडे नीट दिसेनात, म्हणून एकेका नातेवाइकाचा नंबर हा फिरवून देत होता आणि फोन लागला की त्यांच्या हातात देत होता. भाऊ चाळीसेक वर्षांपूर्वी कामासाठी मेलबर्नला गेला तो तिथलाच झाला. बायको नाही, मूल नाही. बाईंना तिथवर प्रवास झेपणार नव्हता. आम्हीही मेलबर्नला राहतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, त्याला जिथे पुरणार आहेत ती दफनभूमी तुमच्या घरापासून लांब आहे का? श्रीरंग म्हणाला, “मी जाईन. फोटो पाठवीन.”

विमानात मी त्याला म्हटलं, “असं कशाला कबूल करायचं? आपण काय जाणार आहोत?”

“आपण नाही रे,” तो म्हणाला. “मी.”

आणि तो गेला. मेलबर्नच्या पश्चिमेला, नदीवरच्या मोठ्या पुलापलीकडे, त्या वेळी गाडी नव्हती तर ट्रेन आणि बस करून. दर नोव्हेंबरात जायचा, थडग्याचा दगड धुवायचा, फुलं ठेवायचा, फोटो छापून माल्टाला पोस्टाने पाठवायचा. काही वर्षांनी कार्मेनबाईही गेल्या, तरी त्याचं जाणं चालूच. आता फोटो कोणाला पाठवतोस, मी विचारलं. “कोणाला नाही. पण जायचं काय त्यामुळे थांबवायचं?” आमचे फोन ‘मेला’ म्हणूनच संपायचे. पुण्याहून आलेल्या त्याच्या आईने एकदा ते ऐकून हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली होती. “कोण रे? कोण मेला?”

मग त्याला सिडनीला नोकरी लागली. निघताना मला म्हणाला, “आता तू जा. वर्षातून एकदा. तासाभराचा तर रस्ता.” मी हो म्हणालो. पहिल्या वर्षी राहून गेलं. दुसऱ्या वर्षी मुलीची परीक्षा. तिसऱ्या वर्षी त्याने फोटो मागितला तेव्हा मी त्याचाच एक जुना फोटो शोधला, बाजूने थोडा कापला आणि त्याला पाठवून दिला. “मस्त,” त्याचं उत्तर आलं. “थँक्स रे मक्या.” त्यानंतर त्याने कधी फोटो मागितला नाही. मी सुटलो असं समजत होतो.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी पूल ओलांडला. थडगं सापडायला बराच वेळ लागला. अक्षरांमध्ये शेवाळ होतं, शेजारच्या झाडाची पानं कुजून दगडाला चिकटली होती. बादली नव्हती, ब्रश नव्हता. नीट येणाऱ्या माणसाला काय काय लागतं हेही मला माहीत नव्हतं. बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने जमेल तेवढं पुसलं. फोटो काढला आणि मृदुलाला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

“म्हणजे शेवटी गेलास.”

“तुला माहीत होतं?”

“तू त्याचाच फोटो कापून त्याला पाठवला होतास ना? मला दाखवून हसत होता. मी म्हटलं, विचार की त्याला. तर म्हणाला, कशाला लाजवायचं, जाईल तो. मक्याला जरा वेळ लागतो.”

मला त्याच्याशी कडाडून भांडायचं होतं. इतकी वर्षं माहीत असून गप्प कसा बसलास, एकदा तरी शिवी हासडायची होतीस... पण त्यासाठी तो असायला हवा होता. मृदुलाला मी एवढंच विचारलं, की तो तिथे कोणती फुलं न्यायचा. तिला ठाऊक नव्हतं.

आता मी महिन्यातून एकदा जातो. गाडीत बादली आणि ब्रश असतो. एक तांबडं जिरेनियम कुंडीत लावलं आहे, ते अजून तरी जगलं आहे. दगड धुऊन झाला तरी मी लगेच निघत नाही. उन्हात तो पूर्ण वाळेपर्यंत तिथेच बसून राहतो.