नाटकातल्या बाईसारखी

“हिच्या तोंडाला काजळ फासायला नको. डबी वाचली आपली!” नाटक बसवणाऱ्या काकू म्हणाल्या. टोकियोतल्या फुनाबोरीच्या भाड्याच्या हॉलमध्ये गणेशोत्सवाची तालीम चालली होती. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मोलकरणीची भूमिका सलग तिसऱ्या वर्षी माझ्याकडे होती. त्यासाठी मी आईचा आवाज काढायचे. “न्हाई वो बाईसायेब, म्या न्हाई फोडली कपबशी!” असं म्हणत गुडघे लटपटवायचे, डोळे गरगरा फिरवायचे. आईने पुण्यात चार घरची भांडी घासून मला शिकवलं, हे त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. हशा मिळाला की मी त्यांच्यातली होते.

चाळिशीत मी इथल्या विद्यापीठात पीएचडी सुरू केली होती. विषय, सुरुवातीच्या अमेरिकी चित्रपटांतला एक कृष्णवर्णीय विनोदी नट. पत्रांत तो रेखीव इंग्रजी लिहीत असे. पडद्यावर मात्र कारकीर्दभर नोकर. भूत पाहून थरथरणारा, मालकाच्या मागे लपणारा. दुसरं काम त्याला कुणी दिलंच नाही. मी चित्रपटाची एकेक फ्रेम थांबवून त्याच्या डोळ्यांची, गुडघ्यांची टिपणं काढत असे. त्याला हसणाऱ्यांची मला किळस येई. स्वतःचा संशयसुद्धा आला नाही.

एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. “जेवलीस का गं माजे बाय?”

माझी आठ वर्षांची मुलगी खिदळली. “आजी, तू मम्मीच्या नाटकातल्या बाईसारखी बोलतेस!” आणि तिने गुडघे लटपटवून दाखवले.

आईने विचारलं, “कंच्या नाटकातली गं?”

आई कुणापुढे अशी कधीच लटपटली नव्हती. एका मालकिणीने चोरीचा आळ घेतला, तेव्हा ती खरकटी भांडी तशीच टाकून निघून आली होती. ते लटपटणं मी घातलेलं होतं. त्या नटाला पर्याय नव्हता. मला होता.

आईला मी तेव्हाच सगळं सांगितलं. पुढच्या तालमीला उभी राहिले.

“काकू, ही भूमिका मी करणार नाही. माझी आई अशीच बोलते. तिने लोकांची भांडी घासली आहेत.”

“अगं, विनोद आहे! एवढं काय लावून घेतेस? मग मालकीण होतेस का? शोभशील?”

कुणीतरी फिसकन हसलं. मी हसले नाही.

“खुशाल हसा. पण तो आवाज यापुढे इथे कुणीही काढला, तर मी भर प्रयोगात उठून नाटक बंद पाडीन.”