कोरी बॅटरी

बीडहून एसटीत शेजारी बसलेल्या त्या धोतरवाल्या गृहस्थांनी नव्या बॅटरीपायी माझं डोकं खाल्लं. उजेड कोसभर जातो म्हणे, वेळ पडली तर तिच्या दातेरी तोंडानं गाडीची काचही फुटते. गेवराई यायच्या आधी अंधारलं, गाडीत दिवे नव्हतेच, आणि माझा चष्मा सीटखाली पडला.

"लावा की आता बॅटरी."

"न्हाई सायेब. कपिलधारच्या जत्रंला देवाम्होरं ठिवल्याबिगर लावायची न्हाई."

"मग कोसभर उजेड जातो, हे कुणी पाहिलं?"

"दुकानदार सांगत व्हता की."

मी कपाळाला हात लावला. ते बॅटरी काखेत दाबून सीटवरून खाली उतरले आणि गुडघ्यांवर रांगत चाचपू लागले. कडकन आवाज झाला.

"घावला," म्हणत त्यांनी गुडघ्याखालून काढलेले चष्म्याचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. "एवढ्यासाठी उजेड कशापायी लागतो?"