न पुसलेला फळा

मुलीचा गणिताच्या एम.एस्सी.चा प्रवेश घ्यायला तिच्यासोबत विद्यापीठात गेलो होतो. दोन वर्षं शिकून घरी परत यायचं, असं तिने कबूल केलं होतं. विभागातल्या एका रिकाम्या वर्गात फळा गणिताने भरलेला दिसला. सवयीने मोजल्या, तर एकोणीस ओळी, विसावी अर्धीच. कोपऱ्यात 'पुसू नये'.

"कोणाचं आहे हे?" मी दाराशी बसलेल्या शिपायांना विचारलं.

"एक विद्यार्थी अर्धं सोडून गेला, साहेब. माझ्या आधीची गोष्ट. खडू उडतो, मग दरवर्षी कोणीतरी पोर आपणहून गिरवतं."

"आणि ती पोरं?"

"ती कुठं जातात! एम.एस्सी. झाली की पीएच.डी., मग इथंच. घरचे फोन मला करतात," ते हसले.

इतक्या हातांनी गिरवूनही अक्षर एकाच माणसाचं वाटत होतं. माणसं बदलत जातात आणि अर्धं राहिलेलं काम स्वतःसाठी हात शोधत बसतं, असं काहीसं मनात आलं.

अर्ज देऊन परतलो, तर मुलगी फळ्यापाशी उभी होती. "बाबा, पाचच मिनिटं," ती मागे न वळता म्हणाली. हातातल्या खडूने ती पहिली ओळ सावकाश गिरवत होती. तिचं अक्षर लहानपणापासून डावीकडे झुकतं. फळ्यावरचं सरळच राहिलं.