दहापटीचं भिंग

ठाण्याच्या स्टेशनाजवळच्या त्या चष्मेवाल्यावर माझा राग आहे आणि तो आता जाईल असं वाटत नाही. त्याने मला फसवलं नाही. मी मागितलं ते दिलं, मी म्हटलं त्या भावात दिलं. राग त्याचाच आहे.

नौपाड्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे शेजारच्या कापडवाल्याच्या ताडपत्रीमुळे भर दुपारीही काळोखा राहणारा एक गाळा. कोकणातून आलो तेव्हा मी टॉर्च दुरुस्त करायचो. पुढचं सगळं मोडके रेडिओ उघडून शिकलो. कोणी हात धरून शिकवलं नाही. आपणहून शिकवायला येणारा माणूस काहीतरी गळ्यात मारायला आलेला असतो, हे मात्र फार लवकर शिकलो. तेव्हाच्या रेडिओचं पोट ऐसपैस असे. सांधे हरभऱ्याएवढे, कथिलाचा डाख द्यायला नुसते डोळे पुरत.

मग एकदा कल्याणहून एक वयस्क जोडपं आलं. गृहस्थ कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, जवळजवळ बहिरे. मुलाने आफ्रिकेहून त्यांना कानाचं यंत्र पाठवलं होतं: सदऱ्याच्या खिशात मावणारी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. चार महिने चाललं आणि बंद पडलं. हे सगळं बाई सांगत होत्या.

“तोवर पाटीवर लिहून दाखवत जा त्यांना,” मी म्हटलं.

“मला कुठे लिहिता येतंय? ओरडते. जेवायला या, पाणी तापलंय, हे ओरडता येतं हो. पण नवरा-बायकोचं सगळंच बोलणं आळीला ऐकवायचं का?”

“काय म्हणतेय ही?” गृहस्थांनी मोठ्याने विचारलं.

“तुमची चहाडी करतेय,” बाई म्हणाल्या.

“बरोबर आहे,” त्यांनी मान डोलावली.

मला हसू आलं. “रविवारी या, घेऊन जा,” मी छातीठोकपणे सांगितलं.

ती दोघं गेल्यावर डबी उघडली. शेंगदाण्याएवढे काचेचे तीन व्हॉल्व्ह आणि केसासारख्या तारा. एक तार सांध्यातून सुटल्यासारखी वाटत होती. बिघाड तेवढाच असावा, पण डोळ्यांना नीट दिसेना. म्हणून चष्मेवाल्याकडे भिंग आणायला गेलो.

काम काय ते ऐकून त्याने तिप्पट दाखवणारं भिंग काढलं. मी शेजारचं दहापट दाखवणारं मागितलं. “तेच द्या. आणि भाव ह्या तिपटीचा लावा.”

“अहो, डाख द्यायचाय ना? मग हे कमीचंच बरं पडेल.”

“का? ते खपत नाही म्हणून?”

“तसं नाही हो, दहापटीचं अगदी जवळ धरावं लागतं...”

“मला नका शिकवू. देताय की जाऊ?”

मी दोनदा पायरी उतरलो. दुसऱ्यांदा त्याने हाक मारली आणि भिंग कागदात गुंडाळून दिलं. पुढे एक शब्द बोलला नाही. मी जिंकल्यासारखा परत आलो. त्याने तेव्हा भांडायला हवं होतं. रेटून भांडला असता तर कदाचित ऐकलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगतो.

भिंग डोळ्याला लावलं तर तार दोरखंडाएवढी दिसली. पण वस्तू इंचभर अंतरावर आली तरच, नाहीतर सगळं धुकं. त्या इंचात डाख द्यायचं तापलेलं आयर्न शिरणार कुठून? वर टांगलेल्या दिव्याच्या आड माझंच डोकं येत होतं. दिवा खाली ओढून समोर घेतला तर डाख आरशासारखा चमकून डोळा दिपायचा. एका बाजूला घेतला तर तारेची काळी सावली शेजारी पडायची आणि दोन तारांतली खरी कोणती ते कळेना. डाखाबरोबरच्या राळेचा धूर उठला की काच पांढरी. पुसायची, पुन्हा वाकायचं. एका वेळी मुगाच्या दाण्याएवढी जागा दिसे. आयर्नचं टोक त्या जागेत येईपर्यंत वाटेत कशाला लागतंय ते दिसतच नसे.

थांबायला हवं होतं. दारात उजेडात बसायला हवं होतं. पण दहापटीचं आणलं होतं ना मी! मान आखडली, आणि डोकं तापलं की मला थांबता येत नाही.

टिक् असा बारीक आवाज झाला. भिंग काढून पाहिलं तर आयर्न शेजारच्या व्हॉल्व्हला लागलं होतं. तार जिथे काचेत शिरते तिथे तडा गेला होता. आत हवा शिरली की व्हॉल्व्ह मेलाच.

पुढे मी तिपटीचं भिंग घेतलं. हात फिरायला चार बोटं जागा, दिवा डावीकडून तिरपा आणि दिव्याला पातळ पांढरा कागद. त्या उजेडात सावली मऊ पडते, डाख चमकत नाही. एवढंच असतं ते. त्याच्यावर दुसऱ्या कितीतरी लोकांची कामं झाली.

रविवारी दोघं आली. ‘व्हॉल्व्ह आधीच गेला होता’ हे वाक्य मी तयार ठेवलं होतं. बाईंनी पिशवीतून अळूची जुडी काढून टेबलावर ठेवली. “परसातलं आहे. घरी द्या.”

ते वाक्य काही बाहेर पडलं नाही.

“माझ्या हातून फुटलं,” मी म्हटलं. “मुंबईत तीन दुकानं फिरलो. असला व्हॉल्व्ह इथे येतच नाही.”

“मग मुलाला कळवू?”

“कळवा. पण मिळेल असं मी सांगू शकत नाही.”

“झालं का हो?” गृहस्थांनी विचारलं. त्यांनी वायरीचं टोक घ्यायला हात पुढे केला होता.

मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवली. “असू दे,” ते मोठ्याने म्हणाले. “चार महिने ऐकलं की.”

बाईंनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, “तुम्हाला लिहिता येतं. माझं एवढं त्यांना लिहून द्या.”

मी दुसरा कागद घेतला, पेन्सिल टेकवली.

“लिहा...” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कापडवाल्याचं गिऱ्हाईक ताडपत्रीखाली उभं होतं, त्याच्याकडेही पाहिलं. मी मान खाली घातली. भर बाजारात चार दुकानांना ऐकू जाईल असा भांडणारा मी, मला तिथे ‘सांगा, कोणाला कळणार नाही’ एवढंही म्हणता येईना.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “गाडीची वेळ झाली, असं लिहा.”

मी लिहिलं. गृहस्थांनी वाचलं आणि ते काठी घेऊन उठले.