काकूंच्या ओट्याखालचा पाइप

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात घरचा फुटका पाइप मी स्वतः जोडला नि फोटो इथे टाकला होता. तो बघून आज वरच्या आळीतल्या काकूंचा फोन आला.

"ये ना गं! ओट्याखालचा नळाचा पाइप फुटलाय. प्लंबर सगळे कळंबला रिसॉर्टच्या कामावर, कोण येत नाय."

गेले. फुटलेला भाग कापला, नवा तुकडा सोल्युशन लावून बसवला, सुकेपर्यंत तिथेच फरशीवर बसून राहिले. नळ सोडला, जोडातून एक थेंब गळला नाही. काकू खूश.

घामाघूम झाले होते. म्हटलं, "काकू, जरा पाणी द्या."

मांडणीवर स्टीलचे पेले चकाकत होते. त्यातल्या एकातून काका पाणी पीत होते. माझ्यासाठी काकूंनी डब्यातून कागदी कप शोधून काढला.

"जाताना कप बाहेर टाक हां."

मी बौद्धवाडीतली. जास्त सांगायला नको.

कप भरलेलाच ओट्यावर ठेवून निघाले.

काकू, तुम्ही हे वाचणारच. माझ्या हाताने जोडलेल्या त्या पाइपातूनच तुमच्या नळाला पाणी येतंय. आता ते पेले कुठल्या पाण्याने धुणार?