आत्या थांबते म्हणाली

“लांबवलेली गोष्ट नासते, हे रोज कोण म्हणतं? मी म्हणते का?” भाचीचा आवाज चढला होता. “आत्याच म्हणते.”

“आणि मधेच बंद पडलेल्या गोष्टीसाठी तीन दिवस तोंड पाडून कोण बसलं होतं?” भावाने आपल्या मुलीला विचारलं. “तीही आत्याच.”

जिच्यावरून हे चाललं होतं ती आत्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून बिस्किट चहात बुडवत होती. बिस्किट तुटून आत पडलं, तेव्हा ती चमच्याने ते शांतपणे शोधू लागली.

भांडणाचं मूळ एका शब्दात होतं. पडद्यांच्या कारखान्यात शिवायला लागून आत्याला एकतीस वर्षं झाली होती. या महिन्याअखेर तिचं काम संपायचं होतं, मालकीणबाईंनी मात्र आणखी दोन वर्षं थांबा म्हणून गळ घातली होती. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि “मी थांबतेय” म्हणाली. भावाने ऐकलं, ही कामावर थांबतेय. भाचीने ऐकलं, ही काम करायची थांबतेय. दोघंही खूश होऊन झोपले, शनिवार सुखात गेला. रविवारी सकाळी भाचीने आत्याच्या मोकळ्या दिवसांचं वेळापत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि भावाच्या हातातला पेपर खाली आला.

नक्की कुठलं थांबणं, हे आत्याला विचारायचं कोणाला सुचलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. शब्द तोंडून निघाला तेव्हा तो कुठल्या बाजूने उघडतो हे तिलाही माहीत नव्हतं.

भावाचं म्हणणं होतं, घरी बसून माणूस गंजतो. खरी गोष्ट तो बोलत नव्हता. त्यांचे वडील काम सुटल्यावर चार महिन्यांत गेले, आणि ते चार महिने रोज सकाळी बूट घालून दाराशी बसायचे. भाचीचं म्हणणं होतं, आत्याचा अंगठा बघा, परवा तिला बरणीचं झाकण उघडता आलं नाही. भावजय ओटा पुसत होती. तो तिने मघाशीच एकदा पुसला होता. “ताईंना बरं वाटेल ते,” एवढंच ती म्हणाली, पण अशा आवाजात की कोणालाच बरं वाटलं नाही. पुढच्या महिन्यापासून दिवसभर दोघी एका स्वयंपाकघरात, हे चित्र ओट्यावर लख्ख दिसत होतं.

“खोलीत जाते जरा,” म्हणून आत्या उठली.

तिच्या खोलीत पलंगापेक्षा मोठं कपाट होतं आणि त्यात नुसती मांगा, जपानी चित्रकथांची पुस्तकं. तीही फक्त छोट्या मालिकांची, एक भाग ते पाच भाग. साठ-सत्तर भागांच्या मालिकांकडे ती ढुंकून बघत नसे. एवढा लांबलचक संसार घरातच चालू आहे, तो पुरे, असं म्हणायची. दुपारच्या सुट्टीत कारखान्यात टांगलेल्या पडद्यांच्या मधे स्टूल टाकून ती वाचत बसे. पंख्याने पडदे हलत, उजेड कधी पिवळा कधी हिरवा होऊन पानावर येई, आणि कुठलं चित्र छापलेलं, कुठलं कापडावरचं, हे थोडा वेळ कळेनासं होई.

तिची मतं घरात सगळ्यांना पाठ होती. भुतांच्या खानावळीची एक मालिका होती. चार भाग छान रमतगमत चाललेली, पाचव्यात बंद करायची वेळ आली. शेवटच्या वीस पानांत एक लग्न, दोन मृत्यू आणि एक कबुली. सुटकेसवर बसून चेन ओढल्यासारखं, असं आत्या म्हणे. त्यावर कळस म्हणजे अखेरच्या चित्रात सगळे टेकडीवर उभे राहून लांब कुठेतरी बघतात. तिला टेकडीवरच्या शेवटांचा भयंकर राग होता. बघायचं काय असतं तिथे? दुसरी होती एका पोहणाऱ्या मुलीची. दोन भागांची गोष्ट, खपली म्हणून चार भाग ओढली. कापड पुरलं नाही म्हणून जोड दिलाय, आणि जोड ढळढळीत दिसतोय. एका भागात संपणाऱ्या गोड गोड गोष्टीही तिला सोसत नसत. नुसती इस्त्री, शिवण कुठे आहे? तिची आवडती म्हणजे छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची, तीन भाग. तिसऱ्या भागात अकरा पानं नुसती रिकामी खोली. पण त्या अकरा पानांत सगळं वजन. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या चपट्या गोळ्या शिवतात, तशी ती पानं.

आत्ता तिने काढलं ते यातलं काहीच नव्हतं. वीस वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेली तिची पहिली मांगा होती, दोन भागांची. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात हे तेव्हा तिला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर कापडाच्या उलट बाजूने शिवणाऱ्या बाईला ते खटकलंही नाही. उत्तरं आधी येत होती आणि प्रश्न मागून. घरात तरी वेगळं काय होतं, म्हणून ती वाचत गेली. एका रिकाम्या धक्क्यापासून गोष्ट सुरू झाली. मग होडीतून एक बाई परतली, होडीवाल्याशी भांडली, रडली, हसली, त्याच्याशी हळूहळू कमी बोलू लागली, आणि शेवटी दोघं एकमेकांना न ओळखता धक्क्यावर उभे. दोघांच्याही चेहऱ्यावर काही दुखत नव्हतं. पुढे भाचीने तिला सरळ बाजूने वाचून दाखवली, तर ती चारचौघांसारखी निघाली. भेटले, जुळलं, सुटलं. आत्याने मनातल्या मनात त्या सरळ गोष्टीला नापास केलं आणि आपली उलट वाचलेलीच जपली.

ती पलंगावर आडवी होऊन उलट बाजूने पानं उलटू लागली. खिडकीवर तिनेच शिवलेला पडदा होता. वारा आला की तो खोलीत यायचा, पुन्हा मागे जायचा. डोळे अर्धे मिटले आणि होडीचं पाणी निळं झालं, मखमलीसारखं.

मखमल खरीच होती. गेल्या बुधवारी नव्या नाट्यगृहात कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून मोठा निळा पडदा चढवला होता. असं जड कापड टांगल्या टांगल्या दुमडत नाहीत. ते आपल्या भाराने उतरतं, रोज थोडं थोडं, आणि तीन आठवड्यांनी उतरायचं थांबतं. तेव्हाच खालची दुमड घालायची. आधी घातली तर पडदा जमिनीवर लोळतो. बुधवारी सगळे गेल्यावर आत्या त्याच्या मागे उभी राहिली होती, उलट बाजूला, निळ्या अंधारात. खालची कड अजून कच्ची, नुसत्या टाचण्या. लांब कुठेतरी कोणी दार उघडलं आणि एवढा थोरला पडदा श्वास घेतल्यासारखा फुगला. महिनाअखेर तिने निघायचं म्हटलं तर ती दुमड दुसऱ्या कोणाच्या हातची. टेकडीवर उभं राहून बघायचं.

आणि दोन वर्षं? दोन वर्षांत काय शिवायचं होतं ते तिला झोपेतही दिसेना.

पुस्तक छातीवर पडलं तेव्हा होडीवाला आणि ती बाई अनोळखी झाली होती. आत्या तशीच पडून राहिली, मग बोटांवर तारखा मोजल्या. दुखऱ्या अंगठ्याने मोजताना एकदा चुकली, म्हणून पुन्हा मोजल्या.

बाहेर अजून तेच चाललं होतं, फक्त आता भाऊ आणि भाची तिच्या मतांवरून तिच्याशिवाय भांडत होते. छत्रीवाल्या म्हाताऱ्याला भावाने आपल्या बाजूला ओढलं होतं. आत्या दारात येऊन उभी राहिली. या खेपेला तिने तो शब्द टाळला.

“पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला नाट्यगृहाच्या पडद्याची दुमड घालेन. तेरापासून कामावर जाणार नाही. मालकीणबाईंना उद्या सांगते.” मग भावजयीकडे बघून म्हणाली, “दुपारी स्वयंपाकघर तुझं. मी खोलीत असेन, वाचत.” आणि भावाला, “सकाळी बूट घालून दाराशी बसणार नाही.”