मोठ्या चाकांवर नवरी
नव्या टायरचा वास आला की मला माझं लगीन आठवतं. रुबाब दिसावा म्हणून मी जुन्या गाडीला मोठी चाकं अन् बारीक कडेचे नवे चपटे टायर बसवले होते. वसमतहून नवरी घेऊन निघालो, तर ती रडायची थांबंना. "रडू नको, तुला सुखात ठेवीन," म्हणलं अन् बारक्याशा खड्ड्यात दोघांची डोकी टपाला आदळली. पुढं चढ आला. इंजन तेच म्हातारं, त्याला ती चाकं ओढंनात. नवरी डोळे पुसत उतरली, शालू खोचून ढकलू लागली. गाडी निघाली, पण थांबलो तर पुन्हा अडकंल म्हणून मी थेट वरच गेलो. ती मागून पळत आली. "काहून हो, मला सोडूनच चालले का?" म्हणत जी हसू लागली! आता माहेरी गेली की तेच सांगते, अन् सगळ्यांत जास्ती मीच हसतो.